पिवळ्या झाकणाचा मंगळवार

आमच्या बँक्सिया कोर्टात, म्हणजे टोकाशी बंद होणाऱ्या या गल्लीत, नऊ घरं आहेत, आणि या आठवड्यात कोणता कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवायचा हे त्यांतल्या आठ घरांना कधीही माहीत नसतं.

माहीत नसायला काही कारण नाही. दर जुलैत कौन्सिलचं रंगीत वेळापत्रक पत्रपेटीत येऊन पडतं. आम्ही सगळे ते भक्तिभावाने फ्रीजवर लावतो. मग त्याच्यावर पिझ्झावाल्याचं चुंबक बसतं, त्याच्यावर दाताच्या डॉक्टरांची तारीख, त्याच्यावर कुणाच्या तरी बारशाचं आमंत्रण, आणि वेळापत्रक पुढच्या जुलैपर्यंत समाधी घेतं. खरं तर लक्षात ठेवायची गोष्ट एकच आहे. लाल झाकणाचा डबा दर आठवड्याला जातो, त्याबद्दल दुमत नाही. पिवळ्या झाकणाचा, म्हणजे कागद आणि बाटल्यांचा, एक आठवडा सोडून. आणि हिरव्या झाकणाचा, म्हणजे गवत आणि पालापाचोळ्याचा, मधल्या आठवड्याला. एवढंच. पण आमच्या कोर्टात एक इंजिनियर आहे (तो माझा नवरा), एक भूलतज्ज्ञ आहे, एक गणिताची मास्तरीण आहे, आणि मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला ही सगळी विद्वान मंडळी पडदा चार बोटं बाजूला सारून चार नंबरच्या घराकडे बघत उभी असतात.

चार नंबरात डेस हॅनिगन राहतात. साडेपाचला त्यांचं दार उघडतं. मेलबर्नचा थंडीतला जुलै असो की उन्हाळ्यातला जानेवारी, खाली खाकी अर्धी चड्डी आणि पायात मेंढीच्या कातड्याचे घरातले बूट. एका हाताने लाल डबा, दुसऱ्या हाताने त्या आठवड्याचा जो असेल तो, असे ते दोन बैल आणल्यासारखे रस्त्यापर्यंत आणतात. मुठी घराकडे, झाकणाची उघडणारी बाजू रस्त्याकडे, दोन डब्यांमध्ये एक हात अंतर. मग कमरेवर हात ठेवून आकाशाकडे बघतात आणि आत जातात. पुढच्या दहा मिनिटांत आठ घरांतून आठ जोड्या डब्यांची चाकं खडखडायला लागतात. कुणीही कुणाला काही विचारत नाही. विचारणं म्हणजे आपल्याला माहीत नाही हे कबूल करणं.

आम्ही इथे आलो त्याला बावीस वर्षं झाली. पहिले तीन आठवडे आमचे रिकामे डबे बुधवारी दुपारी आपोआप आत यायचे आणि गॅरेजच्या भिंतीला टेकून उभे राहायचे. मकरंद हरखून गेला होता. "बघ, याला म्हणतात नगरपालिका! कचरा नेतात आणि डबा जागेवर आणून ठेवतात." त्याने हे सांगलीला माझ्या सासऱ्यांनाही फोनवर ऐकवलं, आणि सासऱ्यांनी ते कट्ट्यावर. चौथ्या बुधवारी मी घरी होते. खिडकीतून पाहते तर एक अनोळखी, लालबुंद मानेचा माणूस आमच्या फाटकातून आमचा डबा ओढत आत येत होता. मी दार उघडलं. तो एकदम ओशाळला.

"वाऱ्याने पडला होता गं पोरी," तो म्हणाला. पान हलत नव्हतं.

इथल्या माणसांना मदत करताना पकडलं की असंच होतं. एकदा थँक्यू म्हणावं आणि विषय बदलावा. दुसऱ्यांदा म्हटलंत तर ते तुमच्या घरासमोरून जायचं बंद करतील. माझं नाव मृदुला. त्या माणसाने, म्हणजे डेसनी, ते दोन वेळा तोंडात घोळवून पाहिलं आणि तिसऱ्या वेळी कापून 'डूली' केलं. मकरंदचं 'मॅक' झालं. मी मात्र दोन वर्षं त्यांना 'मिस्टर हॅनिगन' म्हणत होते आणि प्रत्येक वेळी ते मागे वळून बघायचे, आपले वडील आले की काय म्हणून. शेवटी मी तोंडाने डेस म्हणायला लागले आणि मनातलं अहोजाहो मनातच ठेवलं. ते अजून तसंच आहे.

डेस चौतीस वर्षं ट्रॅम चालवत होते. अजूनही कुणी उशिरा आलं की ते घड्याळाकडे न बघता किती मिनिटं उशीर झाला ते सांगतात. त्यांची बायको नोरीन सहा वर्षांपूर्वी गेली. ते मला कुंपणावरून कळलं. "नोरीन सकाळी गेली," ते म्हणाले, आणि मी काही बोलायच्या आत, "तुझ्या मिरच्यांना पाणी कमी पडतंय." मग महिनाभर रोज संध्याकाळी त्यांनी माझ्या मिरच्यांना पाणी घातलं. निम्म्या कुजल्या. मी एक शब्द बोलले नाही.

आणखी एक सांगायला हवं. डेसच्या बोलण्यात कौतुकाचा सगळ्यात वरचा आकडा म्हणजे 'वाईट नाही'. नोरीन गेल्यावरच्या होळीला मी त्यांना पहिल्यांदाच तूप सोडून पुरणपोळी दिली. त्यांनी तीन खाल्ल्या, बोटं पुसली आणि म्हणाले, "वाईट नाही." मी आठवडाभर फुगून होते. शेवटी समोरच्या स्टाव्रुलाबाईंनी माझी समजूत काढली. या मूळच्या ग्रीक, आता पंचाहत्तरीच्या, कोर्टात सगळ्यांत जुन्या आणि सगळ्यांत मोठ्या आवाजाच्या. "अगं वेडे, सत्तेचाळीस वर्षांच्या संसारानंतर मी त्याला विचारलं, नोरीनबरोबर कसं गेलं आयुष्य? तेव्हाही हेच म्हणाला होता. वाईट नाही. आणि आत जाऊन रडला."

तर असे डेस. आता एकोणऐंशी.

त्यांची मुलगी जॅनिन बेंडिगोला असते, गाडीने दोन तासांवर. मुलगी गुणी आहे, बापासारखीच वेळेची पक्की, पण लांब राहणाऱ्या मुलींना जी काळजी कुरतडते ती तिलाही कुरतडते. ऑगस्टमध्ये डेस मागच्या अंगणात शेगडीवर सॉसेज ठेवून आत रेडिओवर फुटबॉल ऐकत बसले आणि सॉसेजचा कोळसा झाला. सप्टेंबरात घराच्या किल्ल्या फ्रीजमध्ये, लोण्याशेजारी सापडल्या. जॅनिनने मला बाजूला घेऊन सांगितलं, "डूली, तू शेजारीच असतेस. काही वेगळं दिसलं तर मला फोन कर, करशील ना?" मी हो म्हटलं. तेव्हापासून डेस कुंपणापाशी आले की मला उगाचच चोरट्यासारखं व्हायचं.

नोव्हेंबरचा पहिला मंगळवार आला. या दिवशी घोड्यांच्या शर्यतीसाठी अख्ख्या शहराला सरकारी सुट्टी असते. पहिल्या वर्षी मकरंदने हे सांगलीला सांगितलं तेव्हा सासऱ्यांनी त्याला ते दोनदा सांगायला लावलं. मग हळूच म्हणाले, "नोकरी गेली असेल तर तसं सांग. आम्ही रागावणार नाही." आमचं कोर्ट त्या दिवशी दुपारी स्टाव्रुलाबाईंच्या गॅरेजमध्ये जमतं. गाडी त्या गॅरेजने कधी पाहिलेली नाही. तिथे त्यांचं दुसरं स्वयंपाकघर आहे, खरं स्वयंपाकघर खराब होऊ नये म्हणून. टोपीतून चिठ्ठ्या काढून प्रत्येकाने एकेक घोडा घ्यायचा, त्यांच्या चीज भरून भाजलेल्या करंज्या आणि माझे बटाटेवडे खायचे, आणि साडेतीन मिनिटांच्या शर्यतीसाठी तीन तास बसायचं. डेस खाकी चड्डीवर टाय लावून आले होते. जॅनिन बेंडिगोहून आली होती, आणि तिच्या हातात एक गुळगुळीत कागदांची फाईल होती.

शर्यत संपल्यावर तिने ती उघडली. निवृत्त लोकांची वसाहत, बेंडिगोजवळ. एका खोलीचं युनिट, न्हाणीघरात धरायला दांडा, बाहेर हिरवळ.

"आणि भिंतीवर ही दोरी," जॅनिन म्हणाली. "डॅड, काही झालं की ओढायची. तीन मिनिटांत माणूस हजर."

"आणि काही झालं नाही तर?"

"तर नाही ओढायची."

"मग दिवसभर करायचं काय?" डेसनी विचारलं.

स्टाव्रुलाबाई फसकन हसल्या. जॅनिन हसली नाही. "शुक्रवारपर्यंत त्यांना उत्तर द्यायचंय. मी तुला ओढून नेणार नाही, डॅड. पण सॉसेज झाले, किल्ल्या झाल्या. आता आणखी एक गोष्ट चुकली, तर मग तू वाद घालायचा नाहीस. चालेल?"

डेसनी टाय सैल केला. आम्ही सगळे एकदम वड्यांकडे बघायला लागलो.

"ठरलं," ते म्हणाले आणि लेकीशी हात मिळवला. हा माणूस शब्दाचा किती पक्का आहे हे त्या गॅरेजमध्ये सगळ्यांनाच माहीत होतं.

साडेपाचला चार नंबरचं दार उघडलं. डेस बाहेर आले. एका हातात लाल डबा, दुसऱ्या हातात पिवळा. मुठी घराकडे, मध्ये हातभर अंतर. कमरेवर हात, आकाश, आत. आठ घरांची चाकं खडखडली. मीही बाजूच्या बोळात जाऊन पिवळ्या डब्याला हिसका दिला आणि तो माझ्या अंगावरच आला. नेहमीच्या जोराने ओढला होता आणि आत होतं फक्त एक दुधाचं खोकं. शेजारी हिरवा उभा होता. रविवारी कापलेल्या गवताने इतका ठासलेला, की त्याचं झाकण आ वासून होतं.

पिवळा मागच्याच मंगळवारी गेला होता.

मी घरात आले. फ्रीजवरचं बारसं काढलं, दात काढला, पिझ्झावाला काढला, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा वेळापत्रक वाचलं. हिरवा.

"अहो," मी मकरंदला हाक मारली, "डेसनी चुकीचा डबा काढलाय."

मकरंदने येऊन चष्म्यातून कागद पाहिला, खिडकीतून रस्ता पाहिला, पुन्हा कागद पाहिला. "छापताना चुकलं असेल कौन्सिलचं," तो म्हणाला. "डेस कसे चुकतील?"

मी तशीच चपला घालून स्टाव्रुलाबाईंकडे गेले. त्या गॅरेजमध्ये परातीएवढे ट्रे घासत होत्या.

"मलाही वाटलं," त्या म्हणाल्या. "माझाही पिवळा रिकामा. पण म्हटलं डेसने काढलाय म्हणजे त्याला काहीतरी माहीत असणार."

"उद्या सकाळी हिरव्याची गाडी येणार. नऊच्या नऊ पिवळे डबे इथेच उभे राहणार, आणि जॅनिन उद्या दुपारपर्यंत आहे."

स्टाव्रुलाबाईंनी नळ बंद केला. ओले हात काळ्या झग्याला पुसले. "चल."

"कुठे?"

"डबे बदलायला. सगळ्यांचे."

नोव्हेंबरात इथे रात्री आठपर्यंत लख्ख ऊन असतं, त्यामुळे हे काम गुपचूप करण्याची काही सोयच नव्हती. त्यात ही चाकं. एक डबा ढकलला तरी मालगाडी गेल्यासारखं वाटतं. आम्ही भूलतज्ज्ञांच्या घरापासून सुरुवात केली; ते कुटुंब जेवायला बाहेर गेलं होतं. तिसऱ्या घराशी पोचतो तोच मागून आवाज आला.

"काय बायांनो, सणासुदीला चोरायला कचराच सापडला?"

हा ट्रेंट, सात नंबरचा. इलेक्ट्रिशियन, दोन्ही हातांवर खांद्यापर्यंत गोंदण, घरापेक्षा मोठी गाडी. मी त्याला कुजबुजत सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता आपल्या पिवळ्या डब्याकडे बघत होता.

"च्यायला, म्हणूनच!" तो म्हणाला. "माझा तर पूर्ण रिकामा आहे. मी रिकामा डबा बाहेर ठेवला?"

"हो."

"का?"

"डेसनी ठेवला म्हणून."

"बरोबर," ट्रेंट म्हणाला, आणि दोन हातांत दोन डबे घेऊन चालायला लागला. त्याच्यामुळे काम भराभर झालं. वीस मिनिटांत आठ घरांसमोर आठ हिरवी झाकणं उभी राहिली. आता चार नंबरासमोर एकटा पिवळा उरला, आणि तो आधीपेक्षा जास्तच पिवळा दिसायला लागला.

"त्यांचाही बदलला तर त्यांना सकाळी कळेल," मी म्हटलं.

"त्याला कळू दे," स्टाव्रुलाबाई म्हणाल्या. "त्याला कळलं तर तो गप्प बसेल. तिला कळलं तर ती बॅग भरेल. तू जा, तुझं वजन कमी आहे."

वजनाचा आणि चाकांच्या आवाजाचा काय संबंध, हे विचारायची ती वेळ नव्हती. मी डेसच्या बाजूच्या बोळात शिरले. हिरवा डबा पाण्याच्या नळीशेजारी होता, पालापाचोळ्याने गच्च भरलेला. मी तो चवड्यांवर चालत, लेकराला झोपेतून उठू न देता न्यावं तसा अलगद ढकलायला लागले. चौथ्या पावलाला चाकाखाली एक वाळकी काटकी आली आणि बंदुकीसारखी वाजली. स्वयंपाकघराचं जाळीचं दार उघडलं. जॅनिन, हातात भांडी पुसायचं फडकं.

"डूली? डॅडच्या डब्याचं काय करतेयस?"

माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं. "वाऱ्याने पडला होता."

"कुठला वारा?"

मी रस्त्याकडे पाहिलं. तिने माझ्या नजरेमागे पाहिलं. आठ हिरवे, एक पिवळा, आणि त्यांच्या मधोमध ट्रेंट, जो अचानक चपलेचा पट्टा नीट करायला खाली वाकला होता. जॅनिनला समजायला फार वेळ लागला नाही. तेवढ्यात तिच्या मागून डेस बाहेर आले. त्यांनी माझ्या हातातला डबा पाहिला, मग रस्ता पाहिला. त्यांचे ओठ हलत होते. आठवडे मोजत होते बहुधा.

"सगळ्यांनी पिवळा काढला होता?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तूही?"

"मीही."

"रिकामा?"

"एक दुधाचं खोकं होतं."

"आणि मॅक काय म्हणाला?"

"कौन्सिलचं चुकलं म्हणाले."

एरवी ते यावर हसले असते. पण त्यांनी खिशातून चष्मा काढला, फडक्यासाठी जॅनिनपुढे हात केला आणि काचा पुसायला लागले. खूप वेळ पुसल्या. "ठरलं होतं," ते लेकीला म्हणाले. "आणखी एक गोष्ट. झाली. आण ते कागद."

जॅनिन जागची हलली नाही. मला वाटलं, मी तिला फोन करायला हवा होता. आणि मला वाटलं, मी हा डबा आणखी हळू ढकलायला हवा होता. दोन्ही एकाच वेळी वाटलं.

"कसली झाली?" फाटकातून तोफ आली. स्टाव्रुलाबाई आत घुसल्या होत्या, एका पायातली सपात रस्त्यातच राहिली होती. "चूक नऊ घरांची आहे. हा एकटाच कसा जाईल? सगळ्यांना युनिटं द्या. मला तळमजल्यावरचं पाहिजे, माझे गुडघे गेलेत."

"मला न्हाणीघरात दांडा असलेलं," ट्रेंट रस्त्यावरून ओरडला.

"स्टॅव, तू मध्ये पडू नकोस," डेस म्हणाले.

"म्हाताऱ्या, मी बेचाळीस वर्षं मध्येच पडतेय. जॅनिन, दोरी ओढली की किती वेळात माणूस येतो म्हणालीस?"

"तीन मिनिटांत."

"मागच्याच महिन्यात एका मंगळवारी हा दुपारी आडवा झाला आणि उठलाच नाही. साडेपाच वाजले, डबा नाही. पाच पस्तीसला आम्ही चौघं या दारात होतो. पाच चाळीसला ट्रेंट न्हाणीघराच्या खिडकीतून आत."

"अडकलो होतो मी," ट्रेंट म्हणाला. "कमरेशी."

"डेसनेच ओढून काढला त्याला. आवाजाने जाग आली."

जॅनिनने बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे मला कुणी सांगितलं नाही."

"तू 'काही वेगळं दिसलं तर' म्हणाली होतीस," मी म्हटलं. "माणूस झोपला होता. त्यात वेगळं काही नव्हतं."

तिने बापाच्या हातातलं फडकं घेऊन तोंडावर धरलं. आधी मला वाटलं रडतेय, मग खांदे हलायला लागले आणि कळलं, हसतेय. "रिकामे डबे," ती म्हणाली. "नऊ घरांनी. रिकामे डबे." मग तिने डोळे पुसले, माझ्या हातातला हिरवा डबा घेतला, रस्त्यापर्यंत नेला, पिवळा आत आणला. परत येऊन म्हणाली, "या वर्षी नको म्हणून कळवते त्यांना. पण शेगडीला आपोआप बंद होणारं बटण बसवायचं. ट्रेंट, तुला येतं ना?"

"उद्या सकाळी."

"आणि रोज रात्री मला फोन करायचा, डॅड. फुटबॉल असला तरी."

 डेस चालत रस्त्यापर्यंत गेले. जॅनिनने डब्याची मूठ रस्त्याकडे ठेवली होती. त्यांनी तो फिरवला, मध्ये हातभर अंतर सोडलं, कमरेवर हात ठेवून ती हिरव्या झाकणांची रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

"वाईट नाही," ते म्हणाले.

स्टाव्रुलाबाई आपली सपात शोधायला गेल्या. बराच वेळ त्यांना ती सापडत नव्हती, किंवा त्या आमच्याकडे तोंड करत नव्हत्या.

आता यातून आम्ही काही शिकलो असू असं कुणाला वाटेल. पुढच्या मंगळवारी साडेपाचला चार नंबरचं दार उघडलं. आम्ही पडद्यामागे होतोच. डेस बाहेर आले, फक्त लाल डबा घेऊन. तो जागेवर ठेवला आणि हाताची घडी घालून उभे राहिले, आठ खिडक्यांकडे एकेक करून बघत. कोण आधी काढतो ते बघत होते.

पाच पस्तीस झाले. पाच चाळीस. कोर्टात चिटपाखरू हलेना. समोर भूलतज्ज्ञांच्या पडद्याचं टोक थरथरलं आणि पुन्हा पडलं.

शेवटी स्टाव्रुलाबाईंची खिडकी धाडकन उघडली. "अरे म्हाताऱ्या, पाय मोडले माझे उभं राहून! काढ ना कुठला तो!"

डेस इतके हसले की त्यांना फाटकाला धरावं लागलं. मग ते बोळात गेले आणि पिवळा घेऊन आले.

मी चपला शोधायला लागले. मागे मकरंद फ्रीजपाशी उभा होता, बारसं आणि दात वर करून खालचा कागद न्याहाळत.

"काय म्हणतंय वेळापत्रक?" मी विचारलं.

"पिवळा," तो समाधानाने म्हणाला. "डेसनीही पिवळाच काढलाय. म्हणजे या खेपेला कौन्सिलने बरोबर छापलंय."